काटा मधोमध

सर फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नसत. फोन लागला की थेट प्रश्न येई: "किती?", "कधी?", "कुठं?" उत्तर पोहोचलं की फोन बंद. 'बरं' नाही, 'ठेवतो' नाही. जालन्याच्या बियाणे कंपनीत मी रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस माझ्यावर नाराज आहे. नंतर लक्षात आलं, की माहिती मिळाल्यावरही संभाषण चालू ठेवणं त्यांना नळ उघडा ठेवण्यासारखं वाटतं.

मी वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन आले होते, ते प्रयोगशाळेत काम मिळेल या अपेक्षेने. मिळाली ती भोकरदन तालुक्यातली शेडनेट, म्हणजे पिकावर ताणलेले जाळीच्या कापडाचे मांडव, आणि सरांच्या जुन्या पिकअपमधली डावीकडची सीट. सर निवृत्त होऊन मुदतवाढीवर होते. संकरित मिरचीच्या बीजोत्पादनाची तपासणी हे त्यांचं काम होतं. ते लवकरात लवकर शिकून घ्यावं आणि परदेशी संशोधनासाठी अर्ज करावा, असा माझा सरळ आराखडा होता. त्या आराखड्यात सरांसाठी जागा नव्हती. ती त्यांनी स्वतः करून घेतली.

हे काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल. शेडनेटच्या आत घरची सगळी माणसं सकाळपासून वाकून मादी ओळीतल्या एकेका फुलाला नर ओळीतला पराग हाताने लावतात. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. बाहेरचा पराग शिरला किंवा कीड शिरून रोग आला, तर बियाणं चाचणीत नापास होतं आणि त्या घराचे वाकलेले सगळे दिवस वाया जातात. त्यामुळे 'बाहेरचं' हा सरांच्या शब्दकोशातला सर्वांत वाईट शब्द होता. एखाद्या माणसाबद्दल त्यांचं मत बिघडलं, की ते त्याला शिवी देत नसत; नुसतं "भेसळ" म्हणत आणि विषय संपवत.

एका प्लॉटवरून दुसऱ्यावर जाताना ते पिकअपच्या आडोशाला शर्ट बदलत. बूट आणि पँटचे काठ झाडायला त्यांच्या खिशात दाढीचा ब्रश असे. शेडनेटच्या दारात उभं राहून ते बुटांवरून तो ब्रश इतक्या गांभीर्याने फिरवत, की आतल्या बायका हसू दाबत विचारत, "सर, बुटाची दाढी झाली का?" सर उत्तर देत, "उजव्याची झाली. डावा ऱ्हायला."

एका शेतकऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत झालं. सरांनी ते घेतलं, यजमानांना नमस्कार केला, खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून फूल तीत घातलं आणि पिशवीला गाठ मारली. दसऱ्याला कंपनीच्या साऱ्या गाड्यांना झेंडूचे हार पडत. सरांच्या पिकअपला कागदी फुलांचा हार असे. "झेंडूनं काय होणार, सर? मिरचीशी त्याचा संबंध काय?" असं मी शास्त्राच्या आधारे विचारलं. ते म्हणाले, "झेंडूचा न्हाई. झेंडूत बसलेल्या किड्याचा हाय."

आणि पिकअपच्या तोंडावर जाळी होती. रस्त्याने धावताना गाडीच्या पुढच्या भागावर किडे आदळतात, अडकतात आणि पुढच्या गावापर्यंत प्रवास करतात. त्यातला एखादा जिवंत राहून शेडनेटपाशी उतरू नये, म्हणून सरांनी समोरच्या लोखंडी ग्रिलवर शेडनेटच्याच कापडाचा तुकडा हुकांनी ताणून बसवला होता. धावडा गावातल्या प्लॉटवरच्या बायका म्हणत, "सरांची गाडी पदर घेती." अशा किड्याने प्लॉट बिघडण्याची शक्यता किती नगण्य आहे, हे मी त्यांना एकदा गणित मांडून दाखवलं. त्यांनी ते नीट ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: "नगण्य म्हंजे शून्य का?"

शून्य नाही, हे मला कबूल करावं लागलं.

या हट्टामागचं कारण मला धावड्याच्या मावशींनी सांगितलं. मावशी आणि त्यांचे यजमान सरांकडे सगळ्यात जुने बीजोत्पादक. "आमचा प्लॉट एका वर्षी फेल गेल्ता," त्या फुलातले पुंकेसर काढता काढता म्हणाल्या. "सर स्वतः सांगाया आल्ते. फोन न्हाई केला. वसरीत बसले, पाणीबी घेतलं न्हाई. रिपोर्टात कारण लिव्हेल नव्हतं, अन् सरांना तर कारण लागतं. मंग त्यांनी आपलंच नाव लावून घेतलं. म्हणले, माझ्याच गाडीवर बसून आलं असंल काहीतरी. आम्ही म्हणलं, सर, देवाची मर्जी. तर म्हणले, देव गाडी चालवत न्हाई."

पुढच्या हंगामापासून जाळी आली. आधी ती साध्या मच्छरदाणीची होती. मी आले त्या हंगामात बारीक छिद्रांच्या नव्या शेडनेटचं कापड आलं, तेव्हा मच्छरदाणीतून बारीक किडे सुटतात म्हणून सरांनी उरलेला तुकडा गाडीसाठी मागून घेतला.

त्याच हंगामात पिकअप तापू लागली.

तापण्याची तऱ्हा विचित्र होती. ऑफिसच्या अंगणात इंजिन कितीही वेळ चालू ठेवलं, तरी तापमानाचा काटा जागचा हलत नसे. भोकरदन ओलांडून गाडीने वेग घेतला की तो उठून बसे आणि धावड्याच्या अलीकडचा चढ लागला की थेट लाल पट्ट्याकडे निघे. मग बॉनेटखालून वाफ, रस्त्याच्या कडेला थांबणं, इंजिन निवण्याची वाट पाहणं. सर इंजिनाशी रुग्णासारखे वागत. गरम रेडिएटरचं झाकण ते कुणाला उघडू देत नसत. "ताप उतरल्याशिवाय पोट दाबायचं न्हाई," असं म्हणून ते सावलीला बसत.

दुरुस्तीचीही त्यांची पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर गुण कोणाचा हे कसं कळणार? प्रयोगाच्या आखणीचा हा प्राथमिक नियम आहे आणि मला तो पूर्ण मान्य होता. म्हणून आधी झाकण बदललं. मग थर्मोस्टॅट. मग फॅनचा पट्टा, मग पाण्याचा पंप. रेडिएटर उतरवून आतून धुतला, नंतर तोही बदलला. प्रत्येक वेळी भोकरदन रस्त्यावरच्या गॅरेजातले मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणत, गाडी स्वतः चालवून पाहत आणि हात पुसत परत येत.

"सर, बिलकुल ठंडी हाय. चढावर दामटून आणली. काटा हलला न्हाई."

"मंग माझ्याच हातात का तापती?"

"आता काय सांगू? ड्रायवर गरम असंल."

सर हसत नसत, रागावतही नसत. "नोंद घेतली," म्हणत. आणि दोन दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच चढावर, त्याच वाफेत उभे.

मी त्या दिवसांत मनातल्या मनात एक तक्ता मांडत असे. उभी असताना तापत नाही, चढावर तापते. चाचांकडे तापत नाही, आमच्याकडे तापते. पहिल्या ओळीचं स्पष्टीकरण सोपं होतं: चढावर इंजिन जास्त उष्णता निर्माण करतं आणि ती बाहेर पडत नाही. दुसरी ओळ मात्र भौतिकशास्त्रात बसत नव्हती. गाडीला माणूस ओळखता येत नाही.

इकडे मॅनेजर साहेबांचा संयम संपत आला होता. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना हिशोबात बसणाऱ्या गोष्टी आवडत, आणि सर व त्यांची पिकअप दोन्ही बसत नव्हत्या. एका सोमवारी ते सर्वांसमोर म्हणाले, "सर, आता एकदा जरी ही रस्त्यात उभी राहिली, तर गाडी भंगारात आणि तुम्ही ऑफिसात. एसी लावून देतो. सल्लागार म्हणून बसा."

कुणालाही हे बक्षीस वाटलं असतं. सरांचा चेहरा मात्र वसरीत पाणी नाकारणाऱ्या माणसाचा झाला. शेडनेटमध्ये न जाता शेडनेटबद्दल सल्ला देणं म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

"उभी राहिली की त्या दिवसापासून."

त्याच आठवड्यात धावड्याची मोठी तपासणी होती. मॅनेजर साहेब भाड्याच्या गाडीने आमच्या मागून निघणार होते. आम्ही मुद्दाम लवकर निघालो. सर गाडी इतक्या हळुवार चालवत होते, की सायकलवाल्यांनी वळून पाहावं. तरीही चढाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्याला टेकला. सरांनी गाडी उलटी सोडत पायथ्याशी, कडुलिंबाखाली आणून थांबवली.

"निवू द्या," ते म्हणाले आणि दगडावर बसले. मी रस्त्याकडे पाहत होते. मागून कोणत्याही क्षणी साहेबांची भाड्याची पांढरी गाडी दिसली असती.

सरांना स्वस्थ बसवत नसे. कपाशीचा तंतू आणि धूळ यांनी राखाडी झालेली जाळी त्यांनी हुकांवरून काढली, कॅनमधल्या पाण्याने धुतली आणि शेजारच्या झुडपावर वाळत घातली. ते करताना म्हणाले, "माझे वडील मेंढ्या राखायचे. शाळेत गेल्ते न्हाईत. पण बाहेरचा नर कळपात शिरू नये म्हणून जन्मभर जागले. मी पुस्तकात वाचलं, तव्हा कळलं की ही तर आपल्या घरचीच विद्या हाय." त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहुधा ऑफिसातल्या खुर्चीचा विचार त्यांच्याही मनात होता.

इंजिन निवलं. पाणी भरलं. आम्ही निघालो.

आणि चढ संपला, तरी काटा मधोमध होता.

माणूस ताप उतरलेल्या मुलाला हाक मारत नाही, तसे सर गप्प राहिले. पण माझा तक्ता डोक्यात आपोआप नव्याने मांडला जात होता. नवा भाग नाही. गॅरेज नाही. ड्रायव्हर तोच, चढ तोच, ऊन उलट वाढलेलं. तेवढ्यात सरांनी कचकन ब्रेक दाबला.

"जाळी ऱ्हायली!"

"सर, येताना घेऊ. साहेब येतील."

"मावशीच्या प्लॉटवर उघड्या तोंडानं? न्हाई." आणि त्यांनी गाडी वळवली.

पायथ्याशी येऊन त्यांनी जाळी हुकांवर ताणली. आम्ही पुन्हा चढू लागलो, आणि मी समोरचा रस्ता सोडून फक्त काट्याकडे पाहत राहिले. पहिल्या वळणावर तो हलला. दुसऱ्या वळणावर उठला.

"सर, थांबवा. साफ तापायच्या आधी थांबवा."

गाडी थांबली. मी उतरून जाळीसमोर उभी राहिले. धुतल्यामुळे ती ओली होती, आणि ओल्या कापडाची बारीक छिद्रं पाण्याने भरून गेली होती. मी तळहात जाळीच्या मागे घातला आणि समोरून जोरात फुंकर मारली. तळहाताला काही जाणवलं नाही. मग सारं एका क्षणात जागेवर बसलं: रेडिएटरला लागणारा वारा जाळीतच अडत होता, आज पाण्याने, एरवी धुळीने आणि तंतूने.

"सर, गॅरेजात गाडी देताना जाळी कोण काढतं?"

"मी. चाचांचे हात तेलकट."

"आणि परत कोण लावतं?"

"मीच. धुऊन, वाळवून."

"म्हणजे चाचांनी प्रत्येक वेळी गाडी पळवली ती जाळीशिवाय. तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत नव्हतात, सर. दर वेळी दोन बदलत होतात."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग जाळीकडे. मग बॉनेटवर हात टेकून, न्यायाधीशाने निकाल वाचावा तसे म्हणाले, "थर्मोस्टॅट निर्दोष. पंप निर्दोष. रेडिएटर बिचारा निर्दोष. हंगामभराचे सगळे निष्कर्ष रद्द." त्यांचा चेहरा पडलेला असेल असं मला वाटलं होतं. तो उजळलेला होता. कारण सापडलं होतं.

पण ते लगेच सावरले. "काटा एकदा खाली ऱ्हायला, एकदा वर गेला. योगायोग असू शकतो. परत करून बघावं लागंल."

"सर, मॅनेजर साहेब…"

"येऊ द्या. साक्षीदार लागतोच."

साक्षीदार आलाच. गाडी पुन्हा पायथ्याशी आणून, इंजिन निवावं म्हणून बॉनेट वर करून आम्ही उभे असताना पांढरी गाडी शेजारी थांबली. काच खाली झाली.

"शेवटी उभी राहिलीच ना, सर?" आवाजात विजय नव्हता, थोडं वाईटच वाटलेलं होतं.

"उभी ऱ्हायली न्हाई, साहेब. उभी केली," सर म्हणाले. "खराबी गाडीत नव्हती. मी लावलेल्या जाळीत होती. या मॅडमनी शोधली. आता शेवटची परीक्षा ऱ्हायली. तुम्ही मधे बसा."

मॅनेजर साहेबांना नाही म्हणता आलं नाही. सरांनी जाळी काढून घडी घातली, मांडीवर ठेवली आणि गाडीची चावी माझ्या हातात दिली. त्या पिकअपची चावी त्यांनी आजवर चाचांखेरीज कुणालाही दिली नव्हती.

"मी चालवली तर म्हणाल, मुद्दाम हळू घेतली. माझा यात स्वार्थ हाय. तुम्ही चालवा, मॅडम. दामटून."

मी दामटली. तिघं खांद्याला खांदा लावून, श्वास रोखून एका छोट्या पांढऱ्या काट्याकडे पाहत होतो. मॅनेजर साहेबांनी तर नकळत सरांचा गुडघा धरला होता. चढ संपला. काटा मधोमध.

"म्हणजे सर," साहेब हसू लागले, "सर्व्हिसिंग गाडीची नव्हती करायची, तुमची करायची होती."

"बराबर," सर म्हणाले. "नोंद घेतली."

खुर्चीचा आणि एसीचा विषय पुन्हा निघाला नाही. मात्र धावडा आलं तेव्हा सरांनी मला शेडनेटच्या वाटेवर वळू दिलं नाही. मुख्य रस्त्यावर, बाभळीखाली गाडी उभी करायला लावली. इथून प्लॉट बराच आत होता आणि सरांचे गुडघे चांगले नव्हते.

"गाडी आत घेऊ ना, सर," साहेब म्हणाले. "आता तर तापत नाही."

"जाळी न्हाई, तर गाडी आत न्हाई."

आम्ही चालत गेलो. पुढे सर, एक हात गुडघ्यावर; मागे चकचकीत बुटांतले साहेब. दारात सरांनी ब्रश काढला आणि आधी साहेबांसमोर खाली वाकले. आत क्रॉसिंग थांबलं. मॅनेजरच्या बुटांची दाढी होताना पाहायला सगळ्या बायका दाराशी गोळा झाल्या.

मावशींनी मात्र लांबवर रस्त्यावर उभी असलेली गाडी पाहिली. "सर, आज गाडीचा पदर कुठं?"

"काढला, मावशी. गाडीला दम लागून ऱ्हायलाय त्यानं." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तिला आत आणणार न्हाई. मी पायी येत जाईन."

मावशींनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. आत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आल्या. सरांनी तांब्या वर धरून ते घटाघटा प्यायलं आणि रिकामा तांब्या त्यांच्या हातात परत दिला.

त्या हंगामात आणि पुढच्याही हंगामांत ते पायी जात राहिले. मुदतवाढ संपली तेव्हा टेंभुर्णीजवळच्या आपल्या गावी परतले आणि थोड्या मेंढ्या घेऊन वडिलांच्या कळपाचा वाण जमवू लागले. पिकअप आणि धावड्याची तपासणी माझ्याकडे आली. माझ्या कामात एखादा निकाल अपेक्षेपेक्षा सुंदर आला, की मी आधी संशय घेते आणि बरोबरच्यांना विचारते, "आणखी काय बदललं होतं?" हा प्रश्न कुठून आला ते त्यांना ठाऊक नाही.

माझा अर्ज मंजूर झाला आहे. पुढचा हंगाम मी इथे नसेन. परवा धावड्याची शेवटची फेरी होती. मी बाभळीखाली गाडी लावून पायवाटेला लागले, तेव्हा मावशी शेडनेटमधून ओरडल्या, "अवो मॅडम, आणा की गाडी आत! सर कुठं बघून ऱ्हायले!" मी हात हलवला आणि चालत राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठं?"

"धावड्यात, सर. गाडी रस्त्यावर. मी पायी."

"काटा?"

"मधोमध."

"जाणार कधी?"

"पंधरवड्यात."

मी सवयीने फोन कानापासून दूर केला. पण पडद्यावरची वेळ पुढे सरकतच होती. पुन्हा कानाला लावला, तर पलीकडून मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या आणि थोडा वारा. सगळी उत्तरं पोहोचली होती. प्रश्न एकही उरला नव्हता.

मी प्लॉटच्या दारापर्यंत पोहोचले, ब्रश काढून उजवा बूट झाडला, मग डावा. फोन अजून चालूच होता.